शिमग्यातली डच

शिमगा जवळ आला की आमच्या गल्लीत दोन तऱ्हेचा आरडाओरडा सुरू होतो. एक पोरांच्या बोंबांचा, दुसरा त्याच पोरांच्या पाठांतराचा. येरवड्यात आमची घरं एकाला एक चिकटून आहेत. भिंती विटांच्या कमी आणि पत्र्याच्या जास्त. शेजारची पोरगी भूगोल पाठ करायला बसली की आमच्या फडताळातल्या वाट्यांनासुद्धा नद्यांची नावं पाठ व्हावीत, इतकं ऐकू जातं म्हणतात. मला जात नाही. माझे कान कारखान्यात राहिले. बोंब तेवढी कळते, कारण ती छातीवर आदळते.

तर असे हे दिवस. ऊन टाळूवर बसलेलं, गल्लीच्या तोंडाला होळीची लाकडं रचलेली, नळावर भांडणं. लोक म्हणतात या दिवसांत त्यांना पन्हं आठवतं, मामाचं गाव आठवतं. मला या दिवसांत एका माणसाचं मनगट मोडल्याचा आवाज आठवतो. कानाला नव्हता ऐकू आला. हाताला आला होता.

घणाच्या शॉपमध्ये माझा जन्म गेला. पांढरं होईस्तोवर तापलेलं लोखंड चिमट्यात धरून ऐरणीवर ठेवायचं आणि वरून यंत्राचा घण पडायचा. जमीन हलायची, दात हलायचे. तिथं बोलणं नव्हतं, हातवारे होते. एकदा आमच्यातल्या एकाचा पंजा घणाखाली गेला. केवढ्यानं ओरडला असेल तो! आम्हाला नुसतं उघडं तोंड दिसलं. पलीकडचा गडी त्याच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं हा जांभई देतोय. मग रक्त दिसलं. माणूस मोठ्यानं ओरडला म्हणजे कुणी येतंच असं नाही, हे मी तिथं शिकलो. शाळेत सातवीपर्यंत गेलो होतो, पण असलं काही तिथं शिकवलं नाही.

घरी ओरडायचं खातं माझ्या बायकोकडे होतं. कौसल्या. मला ऐकू येत नाही म्हणून ती आधी मोठ्यानं बोलायला लागली आणि मग तिला तशी सवयच लागली. शिव्या द्यायची तर ऐकत राहावं. पुस्तकात असतात तसल्या नाहीत. तिच्या शिव्या म्हणजे सगळे जुने रोग. तुला पटकी येवो, तुझ्या तोंडाला देवी येवोत, तुझा मुडदा बशिवला. सगळ्यात जास्त शिव्या आमच्या जावयाच्या वाट्याला गेल्या आणि त्या कमीच पडल्या.

मंगेश त्याचं नाव. धायरीकडचा, टेम्पो चालवायचा. आमची एकुलती एक पोरगी वैशाली आम्ही त्याला दिली आणि त्यानं ती आम्हाला दर सणाला थोडी थोडी मोडून परत पाठवली. एका दिवाळीत दात, एका संक्रांतीत बरगडी. कौसल्या जात्यावर बसल्यासारखी मांडी घालून म्हणायची, "एकदा माझ्या हाताला लागू दे. वरवंट्यानं ठेचते मेल्याला." आमच्याकडे तिच्या आईचा काळा वरवंटा आहे. पाटा कधीच फुटला, वरवंटा राहिला. शेवटी कोर्टात जाऊन पोरगी सोडवली. कागदावर सुटली, पण मंगेश काही सुटला नाही. दारू पिऊन गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. म्हणायचा, "माझी नाही तर कुणाची नाही."

मग प्रकाशचं स्थळ आलं. खडकीचा पोरगा, आता पोरगा कसला, चाळिशी ओलांडलेला. फार वर्षांमागं हॉलंडात आचारी म्हणून गेला आणि तिथलाच झाला. बायको वारलेली. कमी बोलणारा. वैशालीच्या हातावरचे डाग त्यानं बघितले आणि काही विचारलं नाही. मला तेवढं पुरलं. लग्न रजिस्टर झालं, प्रकाश परत गेला. त्याच्या मागोमाग जायचं तर वैशालीला तिकडच्या भाषेची परीक्षा द्यायची होती. मुंबईला, मशिनसमोर बसून. पास झाली तर जायला मिळणार. नापास झाली तर इथंच, मंगेशच्या हाताच्या टप्प्यात.

हे सगळं कौसल्येनं ऐकलं. कळलंही. त्याच सुमारास तिच्या छातीत ती गाठ निघाली होती. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. 'ते' म्हणायचो. त्यानं माझ्या बायकोला आतून खाल्लं. मोठी आडव्या हाडाची बाई, शेवटी मी तिला एका हातावर उचलून मोरीत न्यायचो. आणि ती ओरडायची नाही. जन्मभर ओरडलेली बाई दात आवळून पडून राहायची आणि मला वाटायचं, एखादी भिंत फोडावी, एखाद्या डॉक्टरची मान धरावी, काहीतरी तोडावं. दिवाळीत ती गेली. शिमग्यानंतर परीक्षा होती. तेवढ्या दिवसांत आम्ही बापलेक डच शिकलो.

मी कसला शिकतो! ती म्हणाली, "आबा, तुम्ही नुसते प्रश्न विचारायचे. उत्तर मी देणार."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मशिनला तरी कुठं कळतंय? ते फक्त विचारतं. तुम्ही मशिन व्हायचं."

"मशिनबरोबरच जन्म काढलाय."

"म्हणून तर म्हणते."

तिनं प्रश्न मराठी अक्षरात लिहून दिले. मी दारात बसून वाचायचो, ती आतून उत्तर द्यायची. मला ऐकू यायला हवं म्हणून ओरडून. मीही ओरडून. "वार वोन्त यू?" म्हणजे आपण कुठं राहता. "इक वोन इन पुणे!" असं ती भाकरी थापता थापता ओरडायची. घरातल्या वस्तूंवर खडूनं त्यांची डच नावं लिहिली. खुर्ची म्हणजे स्तूल. खिडकी म्हणजे राम. मी म्हणालो, "बरं झालं, तुझी आई खिडकीकडे तोंड करूनच गेली." त्यावर ती हसली का रडली, मला आठवत नाही.

त्या भाषेत ख फार. घशाच्या पार तळातून खरवडून काढायचा, कफ काढावा तसा. उद्या म्हणजे मोर्खन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगीलाही छातीचं काही झालं. आणि क्रियापद! ते त्या भाषेत गल्लीतल्या दादासारखं आहे. वाक्यात दुसऱ्या नंबरची जागा त्याची, तिथून तो हलत नाही. पुढं कुणीही येऊन बसो. "मी उद्या बाजारात जाते" म्हणायचं तर ठीक. पण "उद्या" पुढं घेतलं की दादा दुसऱ्या जागेवर तसाच आणि बिचारं "मी" त्याच्या मागं ढकललं जातं. उद्या जाते मी. "मोर्खन खा इक नार द मार्क्त!" हे वाक्य तिच्याकडून रोज चुकायचं आणि ती कणकेवर मूठ मारायची. मी म्हणायचो, कणकेला मार, चांगलं. बायकांना मारून घ्यायचीच सवय लावतो आपण. ही तिची मारायची सवय मला आवडली.

पण एक शब्द आहे, ओमदात. म्हणजे कारण. तो आला की हाच दादा शेपूट घालून ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहतो, आपल्या मराठीत राहतो तसा. "इक कोम नीत, ओमदात इक झीक बेन." मी येत नाही, कारण मी आजारी आहे. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, एकही इकडचा तिकडं नाही. नाहीसुद्धा आपल्यासारखं मागून येतं. हे कळलं त्या दिवशी मी वैशालीला म्हणालो, "माणसं आपल्यातलीच आहेत. कारण द्यायची वेळ आली की मराठी बोलतात."

फोन करण्याचा त्यांचा एकच शब्द आहे, पण वापरायला काढला की त्याचे दोन तुकडे पडतात. "इक बेल यू मोर्खन ओप." धड पुढं आणि मुंडकं वाक्याच्या शेवटी, लांब फेकल्यासारखं. मी पुष्कळ लोखंड तोडलं, पण तोडलेले तुकडे अर्थाला चिकटून राहतात हे इथंच बघितलं. आपण तर माणूस गेला की सगळंच जातं म्हणतो. कौसल्या गेली त्यानंतर तिचं धड गेलं होतं, पण मुंडकं आमच्या वाक्याच्या शेवटी होतंच. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी आम्ही थांबायचो. तिथं ती काहीतरी म्हणायची असे.

आणखी एक. नावांच्या मागं तिथं दोन शब्द लावतात, द आणि हेत. कोणाला कोणता, याला काही कारण नाही. घण द, सुरी हेत. वैशाली चिडायची. "सुरी हेत का आणि घण द का? सांगा ना आबा!" मी म्हणायचो, "आपल्यात सुरी ती आणि घण तो. कुणाला विचारलंस का कधी? मारणाऱ्याला सगळं सारखंच पडतं."

तिला शिकवणाऱ्या बाई फोनवर यायच्या. पुण्यातल्याच, पलीकडे नदीपार राहणाऱ्या, तिकडं बरीच वर्षं काढून आलेल्या. एकदा वैशालीनं त्यांना सगळं म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "वैशालीताई, उच्चार चांगले आहेत. पण परीक्षेच्या मशिनवर आपला काही राग आहे का?"

"नाही बाई."

"मग भांडताय कशाला? 'आपण मला मदत करू शकता का' हे वाक्य आपण असं म्हणताय, जणू समोरच्यानं मदत केली नाही तर त्याचं घर जाळणार."

"वडिलांना ऐकू येत नाही बाई, म्हणून मोठ्यानं सवय झाली."

"वडिलांना म्हणावं परीक्षा तुमची नाही."

मला हे वैशालीनं नंतर सांगितलं. मी म्हणालो, बाईला म्हणावं आमच्याकडे हळू आवाजात मदत मिळत नाही. पण विचार केला तेव्हा ते वाक्य मला फारच थंड वाटलं. "कुन्त यू मै हेल्पन?" आपण मला मदत करू शकता का. आपल्यात कुणी असं विचारतं का? आपण धावा म्हणतो, मेले मेले म्हणतो. गळ्यावर सुरी असताना समोरच्याला जमेल का म्हणून विचारायचं? तेही 'आपण' म्हणून? पण परीक्षेत ते वाक्य येतं असं बाई म्हणाल्या, म्हणून आम्ही तेच सगळ्यात जास्त घोटलं. मी दारातून नुसता हात वर करायचो आणि ती आतून ओरडायची. मी हात केल्याशिवाय नाही. प्रश्न माझा, मग उत्तर तिचं, असाच शिरस्ता होता. गल्लीला आमची सवय झाली. पहिले चार दिवस लोक दारात येऊन बघत होते, बापलेकीचं भांडण जुंपलं म्हणून. हिराबाई समोरच राहते, नळावरची पुढारी. तिनं तर कंबरेला पदर खोचून मला दम दिला होता, "आबा, आईविना पोरीवर ओरडता? लाज नाही?" मग तिला कळलं आणि ती सगळ्यांना सांगत सुटली, काही नाही, ती परीक्षा चाललीय. त्यानंतर कुणी दार उघडलं नाही.

शिव्यांचा दिवस मधे आला. फोनवरच्या व्हिडिओत एक पोरगा तिकडची भाषा शिकवायचा, कोणते शब्द वापरू नका तेही सांगायचा. तो म्हणाला, या लोकांच्या शिव्या रोगांच्या असतात. 'क्रैख द क्लेर' म्हणजे तुला पटकी येवो. क्षय हो, देवी येवोत. वैशालीनं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं आणि मी गुडघ्यावर थापा मारून हसलो. कौसल्या गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. म्हणालो, "तुझ्या आईला नेलं असतं तर तिला परीक्षाच लागली नसती." वैशाली हसता हसता एकदम थांबली. फोन उलटा ठेवला. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली. मी हात धरला. मग तिनं सांगितलं. हल्लीची तिकडची पोरं 'त्या' दुखण्याचं नावच शिवी म्हणून लावतात. कशालाही. हवा वाईट असली तरी, सायकल पंक्चर झाली तरी. पुढं ते नाव जोडायचं.

मी वरवंटा उचलला आणि फोनवर घातला. एकदाच बसला, दुसऱ्यांदा वैशालीनं थांबवलं. काच उडून वैशालीच्या गालाला लागली. माझ्या बायकोच्या हाडापर्यंत गेलेला रोग, आणि पोरं तो पंक्चरला लावतात. पटकी कुणाला आता येते? देवी कुणाला येतात? ते रोग मेले, म्हणून त्यांची शिवी होते. पण जो अजून खातोय त्याचं नाव? मी तिला म्हणालो, "असल्या लोकांत जायचंय तुला?" तिनं गालाचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "आबा, इथं शिव्या देत नाहीत, हाड मोडतात. मला शिव्या चालतील." पुढचा अभ्यास तिनं तडकलेल्या फोनवर केला. स्क्रीन निम्मीच दिसायची.

होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी नळावर हंडा लावून बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी पोरं तोंडावर मूठ मारून बोंबा मारायचा सराव करत होती. हिराबाई माझ्या पुढच्या नंबरला. ती घराकडे बघून हसली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आबा, पोरगी आज एकटीच पेटलीय. मदत मागतीय बघा, तुमचं ते हेल्पन हेल्पन. पास होणार!"

मी पण हसलो. हंडा सरकवला. आणि मग माझ्या हातातून तो सुटला. मी इथं. मग तिला प्रश्न कोण विचारतंय?

मी पळालो. या वयात पळणं म्हणजे पडत पडत पुढं जाणं. दार आतून लावलेलं. पत्र्याचं दार, खांद्यानं उघडलं. मंगेशनं तिला फडताळाला दाबून धरली होती, डावा पंजा गळ्यावर, उजव्या हातात कोयता. खाली तिचे कागद फाडून टाकलेले. आणि तो हसत होता. तिनं नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, "हाक मारलीस तर गळा चिरीन." मग म्हणाला, "हॉलंडला जातीस व्हय? बोल की तुझी ती भाषा. ऐकू दे, नवऱ्याला काय बोलणार हायेस ते." पोरीनं डोकं लढवलं. त्याला कळणार नाही अशा भाषेत तिनं सगळ्या गल्लीला हाक मारली. कुन्त यू मै हेल्पन. पहिल्यांदा तो हसला. म्हणाला, अजून. तिनं अजून मोठ्यानं मारली. पुन्हा पुन्हा मारली. गळ्यावरचा पंजा आवळत गेला तसा तिचा आवाज त्या डच ख सारखा घशातून खरवडून निघायला लागला. गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. सगळे म्हणाले, काही नाही, ती परीक्षा चाललीय.

वरवंटा चुलीशेजारी होता. मी तो त्याच्या उजव्या मनगटावर घातला. घण चालवलेल्या माणसाला कुठं मारायचं ते शिकवावं लागत नाही. हाड मोडलेलं हाताला कळतं, लोखंड बसतं तसं. कोयता पडला. मी दुसरा घाव डोक्यावर घालणार होतो. खरं सांगतो, घालणारच होतो. वैशालीनं माझा दंड धरला. तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसती मान हलवत होती. नीत, नीत. तिला मी जेलमध्ये नको होतो. मग गल्ली आली. रक्त दिसल्यावर येते तशी.

मंगेश जेलमध्ये गेला. आमच्या गल्लीच्या मागंच जेलची भिंत आहे, म्हणजे जावई शेजारी राहायला आला. मलाही चौकीत बसवून ठेवलं, पण कोयत्यावर त्याच्या बोटांचे ठसे होते. सोडलं. मी हिराबाईशी बोलणं टाकलं. ती नळावर समोर आली की मी हंडा उचलायचो. एकदा ती म्हणाली, "आबा, मला काय माहीत हो?" मी म्हणालो, "तुला सगळ्या गल्लीचं माहीत असतं. माझ्या पोरीचा गळा तेवढा नव्हता माहीत." रडली. रडू दे म्हटलं.

कागद पुन्हा काढून घेतले. परीक्षेची तारीख जवळच आलेली. वैशालीच्या गळ्यावर बोटांचे वळ, निळे, नंतर पिवळे. डॉक्टर म्हणाले बोलू नका. शिकवणाऱ्या बाईंना कळलं तेव्हा त्या टॅक्सी करून आमच्या गल्लीत आल्या, पहिल्यांदाच. चप्पल बाहेर काढली. वैशालीच्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हळू बोललात तरी चालेल हं. मशिनला ऐकू येतं." वैशाली मुंबईला गेली आणि कुजबुजत परीक्षा दिली. घसा फुटलेला, त्यामुळे ख अगदी तिकडच्यासारखा निघाला म्हणे. पास झाली.

तिला जाऊन आता वर्षं झाली. रोज संध्याकाळी फोनवर दिसते. मागं बर्फ नाहीतर पाऊस. तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही. तिथली माणसं हळू बोलतात, तीही हळू बोलायला लागली. मी म्हणतो, "मोठ्यानं बोल!" तिच्या ओठांवरून कळतं, "आबा, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यासाठीच असतात शेजारी."

त्यावर ती काहीतरी म्हणते. मला दिसतं, ऐकू येत नाही. पण मान गोरी झालीय तिची, वळ गेलेत, आणि ती खांदे पाडून बसते. आधी बसायची नाही. एकदा प्रकाशनं मागून येऊन तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि ती दचकली नाही. मी फोन ठेवून कौसल्येच्या फोटोला सांगितलं, पोरगी दचकली नाही गं. 'गं'साठी त्यांच्यात 'होर' आहे. वाक्याच्या शेवटी मायेनं लावतात. या होर. हो गं.

घरात खडूची अक्षरं अजून आहेत. खिडकीवर राम पुसट झालाय. मी पुसत नाही आणि गिरवतही नाही.

यंदा शिमग्याच्या तोंडावर नळावर बातमी आली, मंगेश सुटला. मला कुणी सांगितलं नाही, लोकांची तोंडं बघून कळलं. मी वरवंटा धुऊन दारात ठेवला आणि त्याच्या शेजारी बसायला लागलो. मला तो यायला हवा होता. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी पोरीनं दंड धरला नसता तर झालं असतं ते आता करायचं होतं. कौसल्येचं राहिलेलं काम.

होळीच्या दिवशी दुपारी आला. वाळलेला, उजवं मनगट वाकडं जुळलेलं. पोरं बोंबा मारत होती, त्यांच्यातून चालत आला. डाव्या हातात सळई. माझ्यासमोर उभा राहिला आणि मला ऐकू येत नाही हे माहीत असून तोंड मोठं करून बोलला. ओठ वाचले मी. "कुठं हाय ती? पत्ता सांग."

मी म्हणालो, "इक बख्रैप यू नीत." आपलं बोलणं मला कळत नाही. 'आपलं' म्हणालो, त्याच्या लायकीपेक्षा जास्तच.

त्यानं सळई मारली. खांद्यावर बसली. मी वरवंटा उचलला आणि तो उचलला गेला नाही. कंबरेपर्यंत आला आणि थांबला. जन्मभर चिमटा धरलेला हात, त्यात आता ताकद नव्हती. सळईच्या दुसऱ्या घावानं मी उंबऱ्यावर पडलो. तो मला ओलांडून आत गेला, फडताळ उपसायला लागला. फोन आत होता. फोनमध्ये तिचा पत्ता होता.

ओरडावं तर शिमगा. या दिवशी माणूस मराठीत कितीही बोंबलला तरी लोक हसतात. मी आयुष्यात कुणाला मदत मागितली नव्हती. कौसल्या मरत होती तेव्हासुद्धा नाही. छाती भरून घेतली आणि घशाच्या पार तळातून काढलं.

"कुन्त यू मै हेल्पन!"

मला माझाच आवाज ऐकू आला नाही. दारं दिसली. समोरचं पहिलं उघडलं, मग त्याच्या बाजूचं, मग बोंबा मारणारी पोरं तोंडावरच्या मुठी तशाच ठेवून वळली. हिराबाई सगळ्यात पुढं, हातात मुसळ, पदर कंबरेला. ती माझ्याकडे बघायला थांबलीच नाही. मला ओलांडून आत गेली. मंगेशचं तोंड उघडलेलं दिसलं, मोठं, जांभई दिल्यासारखं. मग तो दारातून बाहेर फेकला गेला आणि गल्लीनं त्याला हातात घेतला. कुणाच्या हातात लाटणं होतं, कुणाच्या हातात होळीचं लाकूड. तो जेलच्या भिंतीच्या कडेनं फरपटत पळाला, आणि त्या भिंतीला हात लावत लावत गेला, जणू आत घ्या म्हणत होता.

हिराबाई धापा टाकत माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली. फोन तिच्या मुठीत होता. माझ्या कानाशी तोंड आणून तिनं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. मी तिला हातानंच सांगितलं, मोठ्यानं. तिनं पुन्हा विचारलं, गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं.

"आबा! अशा हाकेला ओ द्यायची तर त्यांच्यात काय म्हणायचं असतं?"

मी म्हणालो, "या होर."

ती ओरडली. मग बाकीचेही ओरडले, खांद्यावर लाकडं घेऊन, सगळे, चुकीचं, जसं जमेल तसं.